थेराची राख आणि क्नॉससच्या मृत्पट्टिका : इजिअन कालगणनेच्या पुनर्विचाराचा इतिहास

प्राचीन क्रीटच्या इतिहासातील एकही सन त्या बेटावर लिहिलेला सापडत नाही. तेथील राजवाड्यांत लेखनकला अवगत होती. मेंढ्यांची, तेलाची आणि रथचक्रांची मोजदाद मातीच्या पट्टिकांवर होत असे. परंतु राज्यारोहणाचे वर्ष, राजांची वंशावळ किंवा एखाद्या ग्रहणाची नोंद यांपैकी काहीही त्या पट्टिकांत नाही. त्यामुळे इजिअन संस्कृतीची सारी कालगणना उसनी आहे, आणि ती मुख्यत्वे ईजिप्तकडून घेतलेली आहे. क्रीटचे एखादे भांडे ईजिप्तच्या थडग्यात सापडावे, अथवा ईजिप्तचे एखादे दगडी पात्र क्रीटच्या थरात सापडावे, आणि त्यावरून त्या थराचा काळ ठरावा, अशी ही पद्धती आहे. तिसऱ्या थुतमोसचा वजीर रेखमिरे याच्या थीब्झ येथील थडग्यात ‘केफ्तिउ’ देशाचे लोक नजराणे घेऊन आलेले रंगविले आहेत. केफ्तिउ म्हणजे क्रीट हे सामान्यतः मान्य असल्याने क्रीटच्या उत्कर्षकाळाचा एक खुंटा इ. स. पू. १५ व्या शतकात ठोकला गेला. अशा थोड्या खुंट्यांवर ताणलेल्या दोरीने पुढे शेदीडशे वर्षांच्या वादास जागा ठेवली, यात नवल नाही.

आर्थर एव्हान्स यांनी २३ मार्च १९०० रोजी क्नॉसस येथे उत्खनन आरंभिले. भांड्यांच्या घडणीवरून व नक्षीवरून त्यांनी आद्य, मध्य आणि उत्तर मिनोअन असे तीन कालखंड पाडले व प्रत्येकाचे पुन्हा तीन पोटविभाग केले. ही विभागणी काळाची नव्हे, तर खापरांच्या क्रमाची आहे, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कोणता थर आधीचा व कोणता नंतरचा हे खापर सांगते. किती वर्षे आधीचा हे सांगत नाही. पुढील वादांपैकी निम्मे वाद या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे माजले.

क्रम आणि वर्ष यांच्यामधील ही दरी ओलांडण्यास नैसर्गिक उत्पात उपयोगी पडेल ही कल्पना मोहक आहे. उत्पात एका दिवसात घडतो. तो अनेक ठिकाणी एकाच वेळी खूण उमटवितो. म्हणून निरनिराळ्या स्थळांचे थर त्याच्या योगाने एका रेषेत आणता येतील, असे अनुमान सहज सुचते. एव्हान्स यांना स्वतःला जून १९२६ मधील भूकंपाचा अनुभव क्नॉसस येथेच आला, आणि त्यानंतर राजवाड्याच्या अनेक विध्वंसांचे कारण भूकंप हेच असावे, या मताकडे ते अधिकाधिक झुकत गेले. मात्र या कल्पनेला खरे वजन दिले ते ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी. क्नॉससचे बंदर असलेल्या अम्निसोस येथे १९३२ मध्ये उत्खनन करताना त्यांना प्युमिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र ज्वालामुखी दगड, सापडला, आणि भिंतींचे प्रचंड चिरे जागेवरून सरकलेले आढळले. क्रीटच्या उत्तरेस सुमारे ११० किलोमीटरांवर थेरा अथवा सांतोरिनी हे बेट आहे. त्याचा मध्यभाग प्राचीन काळी एका महास्फोटात खचून समुद्राखाली गेला. १८८३ मधील क्राकाताउच्या स्फोटात समुद्राच्या लाटांनी ३६,००० हून अधिक माणसे घेतली होती. तो दाखला पुढे ठेवून मारिनाटोस यांनी १९३९ मध्ये असे प्रतिपादन केले की मिनोअन क्रीटचा नाश थेराच्या उद्रेकानेच केला. ज्या इंग्रजी नियतकालिकात हा लेख प्रसिद्ध झाला त्याच्या संपादकांनी, या सिद्धान्तास निवडक स्थळांच्या उत्खननाचा आधार मिळणे आवश्यक आहे, अशी टीप त्यासोबत जोडली. संपादकांची ही सावधगिरी पुढे योग्य ठरली.

युद्धामुळे काम लांबले. १९६७ मध्ये मारिनाटोस यांनी थेराच्या दक्षिण टोकाशी आक्रोतिरी येथे कुदळ चालविली, आणि राखेखाली गाडलेले एक संपूर्ण नगर उजेडात येऊ लागले. दुमजली व तिमजली घरे, भित्तिचित्रे, धान्याचे रांजण हे सारे जागच्या जागी होते. माणसांचे सांगाडे मात्र नव्हते. लोक आधीच्या भूकंपांनी सावध होऊन निघून गेले असावेत. १९७४ मध्ये याच उत्खननस्थळी मारिनाटोस यांचा मृत्यू झाला. परंतु ज्या नगराने त्यांच्या सिद्धान्ताचा मुकुट व्हावयाचे, त्यानेच त्या सिद्धान्ताला तडा दिला. आक्रोतिरीची भांडी उत्तर मिनोअन पहिल्या खंडाच्या ‘अ’ विभागातील आहेत. अष्टपाद, शिंपले आणि समुद्रवनस्पती यांनी भरलेली जी नक्षी ‘ब’ विभागाची ओळख मानली जाते, ती तेथे नाही. उलट क्रीटमधील राजवाडे व वाडे जळाले ते ‘ब’ विभागाच्या अखेरीस. म्हणजे उद्रेक आणि विध्वंस यांच्यामध्ये कुंभारांची निदान एक पिढी, बहुधा दोन पिढ्या, येऊन गेल्या. काही अभ्यासकांनी ही अडचण टाळण्यासाठी उद्रेकाचे दोन टप्पे कल्पिले, काहींनी थेराचे लोक मागासलेली भांडी वापरीत असे सुचविले. क्रीटच्या ईशान्य किनाऱ्यावरील मोख्लोस येथे १९८९ मध्ये थेराची राख ‘ब’ विभागातील घरांच्या खाली थराने सापडली, तेव्हा या तडजोडींना अर्थ उरला नाही. राख पडल्यावर लोकांनी तिच्यावरच नवी घरे बांधली होती. मिनोअन संस्कृती थेराने मारली नाही. राखेनंतरही ती नांदत होती.

येथे पद्धतीविषयी एक गोष्ट निष्पन्न होते. थेराची राख हा साक्षीदार विश्वसनीय ठरला तो ती उत्पाताची खूण आहे म्हणून नव्हे. तिच्यातील काचकणांचे रासायनिक पृथक्करण करून ती थेराचीच, दुसऱ्या कोणत्या ज्वालामुखीची नव्हे, हे सिद्ध करता येते, म्हणून. जळालेल्या थराला अशी ओळख नसते. शत्रूने लावलेली आग, स्वयंपाकघरातून पसरलेली आग आणि भूकंपानंतर दिवा कलंडून लागलेली आग यांची राख सारखीच दिसते.

हा भेद नजरेआड झाला म्हणजे काय होते याचे उदाहरण म्हणून क्लोद शेफर यांचा १९४८ मधील पश्चिम आशियाच्या तुलनात्मक स्तरविज्ञानावरील ग्रंथ पाहावा. शेफर हे सामान्य लेखक नव्हते. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा येथे १९२९ पासून उत्खनन करून उगारित हे नगर व त्याची क्युनिफॉर्म वर्णमाला जगापुढे आणणारे ते पुरातत्त्वज्ञ. त्यांनी ट्रॉयपासून कॉकेशस व इराणपर्यंतच्या स्थळांचे थर शेजारी शेजारी मांडून दाखविले की ताम्र-कांस्ययुगात विध्वंसाचे थर ठरावीक वेळी सर्वत्र येतात, आणि त्यांचे कारण विस्तीर्ण प्रदेशावर झालेले भूकंप हे असावे. ग्रंथातील सामग्री आजही अभ्यासनीय आहे. परंतु त्यातील अनुमानाची रचना वर्तुळाकार आहे : दोन विध्वंस समकालीन मानावयाचे कारण ते एकाच भूकंपाचे, आणि भूकंप एकच मानावयाचा कारण विध्वंस समकालीन. भूकंपाचा धक्का एवढ्या भूभागावर सारखाच नाशकारक होत नाही, हा भूगर्भशास्त्राचा आक्षेप तर वेगळाच.

शेफर यांनी शतके कमी करण्याची भाषा केली नव्हती. ते धाडस इमॅन्युएल वेलिकोव्हस्की यांनी १९५२ मधील आपल्या ग्रंथात केले. ईजिप्तचा इतिहास पाचसहाशे वर्षांनी फुगलेला आहे, राणी हात्शेप्सुत म्हणजे सॉलोमनला भेटावयास आलेली शेबाची राणी, आणि तिसरा थुतमोस म्हणजे बायबलमधील शिशक, अशी त्यांची समीकरणे होती. उत्पात त्यांच्याही मांडणीच्या मुळाशी होते. या मतावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. असीरियन लोक प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचे नाव देत. बुर-सगाले याच्या वर्षी सूर्यग्रहण झाल्याची नोंद आहे व ते ग्रहण गणिताने इ. स. पू. ७६३ मधील १५ जूनला पडते. त्या खुंट्यापासून राजावलीच्या आधारे मागे गेले असता पहिला अश्शुर-उबल्लित १४ व्या शतकात येतो, आणि त्याची दोन पत्रे अमार्ना येथे ईजिप्तच्या दप्तरात सापडलेली आहेत. हा सांधा मोडल्यावाचून सहाशे वर्षे गिळता येत नाहीत. पीटर जेम्स व त्यांचे चार सहकारी यांनी १९९१ मध्ये अधिक संयमाने सुमारे अडीचशे वर्षे कमी करण्याचे सुचविले. ग्रीसचे तथाकथित ‘अंधारयुग’ हे कालगणनेच्या चुकीतून निर्माण झाले, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी विचारलेले काही प्रश्न मार्मिक होते. तथापि २०१० मध्ये ईजिप्तमधील अल्पायुषी वनस्पतींच्या २०० हून अधिक नमुन्यांची कार्बन-१४ पद्धतीने परीक्षा झाली, आणि नव्या राज्याचा आरंभ १५७० ते १५४४ या दरम्यान, म्हणजे जवळपास परंपरागत स्थानीच, आला.

भाषाशास्त्राचीही या प्रश्नात एक साक्ष आहे आणि तिचा उल्लेख पुरातत्त्वज्ञ क्वचितच करतात. ‘लिनिअर बी’ लिपीतील पट्टिकांची भाषा ग्रीक आहे हे मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये दाखविले व जॉन चॅडविक यांच्या साहाय्याने पुढील वर्षी सप्रमाण मांडले. या ग्रीकमध्ये मूळ इंडो-युरोपीय ओष्ठकंठ्य ध्वनी, म्हणजे ‘क्व’, ‘ग्व’ हा वर्ग, अद्याप शाबूत आहे व त्याला स्वतंत्र चिन्हे आहेत. गुराख्याला पट्टिकांत ‘क्वो-उ-को-रो’ म्हटले आहे. त्याचा पूर्वपद संस्कृत ‘गो’ शब्दाचा सगोत्र होय, आणि पुढील ग्रीकमध्ये तो शब्द ‘बूकोलोस’ झाला. ‘आणि’ या अर्थी शब्दाच्या शेवटी जोडले जाणारे ‘क्वे’ म्हणजे संस्कृतातील ‘च’; नंतरच्या ग्रीकमध्ये ते ‘ते’ होते. ८ व्या शतकातील सर्वांत जुन्या वर्णमालेतील लेखांत हा ध्वनिवर्ग उरलेला नाही, आणि त्याच्या जागी कोठे ओष्ठ्य, कोठे दन्त्य ध्वनी आले आहेत. त्याशिवाय सायप्रसमध्ये पालेपाफोस येथे १९७९ मध्ये सापडलेल्या कांस्याच्या सळईवर ‘ओफेल्तास’ या नावाचे षष्ठीरूप कोरलेले आहे. त्यात सायप्रसच्या बोलीचे वैशिष्ट्य स्पष्ट दिसते, आणि पट्टिकांतील रूपाहून ते वेगळे आहे. म्हणजे पट्टिका, सायप्रसची सळई आणि होमरकालीन लेख या तीन पायऱ्यांमध्ये बराच काळ मावला पाहिजे. किती, हे मात्र भाषा सांगू शकत नाही. शब्दसंग्रहाच्या झिजेवरून वर्षे मोजण्याचा जो प्रयत्न १९५० नंतर झाला, तो दशकभरातच अविश्वसनीय ठरला. भाषेची साक्ष खापरासारखीच आहे : ती क्रम देते, सन देत नाही.

याच मर्यादेचा विसर पडल्याने १९६० मधील क्नॉससचा वाद अकारण कडवट झाला. एव्हान्स यांच्या मते राजवाड्याचा शेवटचा विध्वंस इ. स. पू. १४०० च्या सुमारास झाला आणि त्याच आगीत पट्टिका भाजल्या जाऊन टिकल्या. त्यानंतर तेथे राहिले ते पडक्या वाड्यात आसरा घेतलेले लोक, असे ते समजत. कार्ल ब्लेगेन यांना १९३९ मध्ये ग्रीसच्या मुख्य भूमीवर पायलॉस येथे त्याच लिपीतील पट्टिका सापडल्या. त्यांचा काळ सुमारे १२००. दोहोंमध्ये दोन शतकांचे अंतर, आणि तरी लिपी, सूत्रे व भाषा जवळजवळ एकच. ब्लेगेन यांनी १९५८ मध्ये याविषयी शंका प्रकट केली. ऑक्सफर्डचे तुलनात्मक भाषाशास्त्राचे प्राध्यापक लिओनार्ड पामर यांनी तीवर सरळ आरोपाची इमारत उभारली. एव्हान्स यांचे साहाय्यक डंकन मॅकेन्झी हे उत्खननाची रोजनिशी ठेवीत. त्या वह्या ऑक्सफर्ड येथे जतन केलेल्या होत्या. पामर यांनी त्या तपासल्या व जाहीर केले की एका महत्त्वाच्या खोलीत पट्टिका आणि फार उत्तरकालीन घडणीचे तोटीचे बुधले यांच्यामध्ये जी नंतरची जमीन एव्हान्स यांनी आपल्या ग्रंथात दाखविली आहे, तिला रोजनिशीत आधार मिळत नाही. म्हणजे पट्टिका आणि बुधले एकाच काळचे. पट्टिका १२०० च्या जवळपासच्या. आणि एव्हान्स यांचे विधान पुराव्याशी विसंगत.

हा आक्षेप जुलै १९६० मध्ये विद्वत्पत्रिकेत नव्हे, तर एका रविवारच्या वृत्तपत्रात प्रथम गाजला, आणि तेथेच त्याचे नुकसान झाले. एव्हान्स १९४१ मध्ये व मॅकेन्झी १९३४ मध्ये वारले होते. उत्तर द्यावयास दोघेही नव्हते. जॉन बोर्डमन यांनी त्याच वह्या वाचून निराळा अर्थ लावला, आणि १९६३ मध्ये दोघांचे विवेचन एकाच ग्रंथात, परस्परविरुद्ध निष्कर्षांसह, प्रसिद्ध झाले. वाचकाने दोन्ही भाग ओळीने वाचले तर एक गोष्ट त्याला खचित जाणवते : १९०० मधील रोजनिशी साठ वर्षांनंतर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांसाठी लिहिलेलीच नव्हती. कोणत्या खोलीत काय निघाले हे मॅकेन्झी लिहितात. ते नेमके कोणत्या थरात होते हे पुष्कळदा लिहीत नाहीत. एव्हान्स यांनी नंतर ग्रंथ रचताना आठवणीने आणि तर्काने रिकाम्या जागा भरल्या. त्याला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. निष्काळजीपणा म्हणणे मात्र अटळ आहे.

पामर यांच्या भाषिक युक्तिवादात एक दुबळेपणा होता. दप्तराची भाषा बोलीपेक्षा पुष्कळ मागे राहते, हे पेशवे दप्तर चाळलेल्या मराठी वाचकास सांगावयास नको. हिशेबनिसांच्या परंपरेत ठरीव सूत्रे दोन शतके टिकणे अशक्य नाही. तरीही पामर यांनी प्रश्न योग्य जागी विचारला होता, हे पुढील संशोधनाने दाखविले. आज पुष्कळसे विद्वान राजवाड्याचा मुख्य विध्वंस १४ व्या शतकाच्या पूर्वार्धात, एव्हान्स यांच्या सनाच्या थोडा खाली, ठेवतात. यान ड्रिसेन यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की रथांच्या नोंदी असलेल्या खोलीतील पट्टिका बाकीच्यांहून अगोदरच्या विध्वंसातील असाव्यात. म्हणजे ‘क्नॉससच्या पट्टिका’ हा एकजिनसी संग्रहच नव्हे. आणि त्याच सुमारास पश्चिम क्रीटमध्ये खानिया येथे १३ व्या शतकाच्या थरात लिनिअर बी पट्टिका सापडल्या. त्यांतील हस्ताक्षर क्नॉससच्या एका लेखनिकाचेच आहे असे एका अभ्यासकाने म्हणताच वाद पुन्हा पेटला. परंतु हस्ताक्षराची ती ओळख इतरांनी मान्य केली नाही. क्रीटमध्ये ग्रीक भाषेचे राज्य केव्हा सुरू झाले व किती काळ टिकले, हा प्रश्न या चाळीसपन्नास पट्टिकागटांच्या थरांवर अवलंबून आहे.

इकडे थेराच्या उद्रेकाचा सन निसर्गविज्ञानाच्या हाती गेला. खापरांवरून तो १५०० च्या आसपास मानीत. १९८४ मध्ये अमेरिकेतील दीर्घायुषी पाइन वृक्षांच्या वलयांत १६२७ च्या सुमाराची हिमबाधेची खूण दाखविण्यात आली, १९८८ मध्ये आयर्लंडच्या ओक वृक्षांत १६२८ पासूनची अरुंद वलये पुढे आली, आणि ग्रीनलंडच्या बर्फात १६४५ च्या आगेमागे गंधकाम्लाचा थर सापडला. मोठ्या उद्रेकाने हवामान थंडावते. तीन निरनिराळे साक्षीदार १७ व्या शतकाकडे बोट दाखवितात. तेव्हा उद्रेक १६२८ चा, असे पाठ्यपुस्तकांतही लिहिले जाऊ लागले. शेफर यांच्यावर जो आक्षेप घेतला गेला तो येथेही घ्यावयास हवा होता. बर्फातील आम्ल कोणत्या ज्वालामुखीचे, हे त्या आम्लावर लिहिलेले नसते. २००४ मध्ये बर्फातील काचकणांचे पृथक्करण झाले व ते अलास्कामधील आनियाक्चाक ज्वालामुखीचे निघाले. बर्फाच्या वर्षमोजणीतही दुरुस्ती झाली, आणि २०२२ मध्ये निश्चित करण्यात आले की १६२८ चा उत्पात तो अलास्काचाच. दोन दशके ज्या सनावर थेराचा इतिहास उभा होता तो सन दुसऱ्याच खंडातील पर्वताचा होता.

कार्बन-१४ ची साक्ष निराळी आहे, कारण ती थेराच्याच वस्तूंवर आधारलेली आहे. थेराच्या प्युमिसमध्ये उभ्याने गाडली गेलेली ऑलिव्ह वृक्षाची एक फांदी २००६ मध्ये चर्चेत आली. तिच्या ७२ वलयांवरून १६२७ ते १६०० हा काळ निघाला. आक्षेपकांनी म्हटले की ऑलिव्हची वलये वर्षागणिक एक अशी नियमित नसतात, आणि ज्वालामुखीतून निघणारा जुना कार्बन झाडाने शोषला असावा. अधिक परिणामकारक दुरुस्ती अनपेक्षित बाजूने आली. कार्बनचे मापन वर्षात रूपांतरित करण्यासाठी जी वक्ररेषा वापरतात ती दहा अथवा वीस वलयांच्या एकत्र नमुन्यांवरून आखलेली होती. शार्लट पिअर्सन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्या काळातील एकेका वलयाचे मापन केले, तेव्हा रेषा सरकली आणि त्याच जुन्या मापनांना १६ व्या शतकातही जागा झाली. २०२२ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर चेश्मे येथे थेराच्या लाटेने आणलेल्या गाळात एका तरुणाचा व एका कुत्र्याचा सांगाडा सापडल्याचे प्रसिद्ध झाले. तेथील मापनांवरून उद्रेक १६१२ पूर्वीचा असू शकत नाही. २०२५ मध्ये पहिला अहमोस या राजाच्या नावाची वीट व त्या काळचे कापड यांचे मापन करून उद्रेक अहमोसच्या आधीचा, असे प्रतिपादन झाले. म्हणजे पूर्वी दीड शतकाची असलेली फट आता पाऊण शतकाच्या आत आली आहे. ती लहान वाटली तरी क्षुल्लक नाही. उद्रेक १६०० चा मानल्यास आक्रोतिरीचे चित्रकार हिक्सोस राजांचे समकालीन ठरतात. १५३० चा मानल्यास अठराव्या राजवंशाचे. ईजिप्तच्या नाइल-मुखप्रदेशात तेल एल-दाबा येथे क्रीटच्या धाटणीची बैलझुंजीची भित्तिचित्रे सापडली आहेत. त्यांचा थेराशी संबंध समकालीनांचा की नातवंडांचा, हे याच फरकावर ठरावयाचे आहे.

तेल एल-दाबाचे उत्खननकार मानफ्रेड बिएटाक हे उशिराच्या सनाचे ठाम पुरस्कर्ते आहेत, आणि त्यांच्या पक्षाचा एक बळकट आधार सायप्रसच्या पांढऱ्या लेपाच्या भांड्यांचा आहे. ही भांडी तेल एल-दाबा येथे अठराव्या राजवंशाच्या आधी आढळत नाहीत. असेच एक भांडे १९ व्या शतकात फ्रेंच संशोधकांना थेरावर, राखेखाली, मिळाले होते. ते राखेखाली गाडले गेले असेल, तर उद्रेकाला फार मागे नेता येत नाही. सायप्रसमध्ये ही भांडी ईजिप्तपेक्षा बरीच आधी घडू लागली असतील, तर मात्र हा आधार सैल होतो. दोन्ही पक्ष त्या एका भांड्याच्या लेपाविषयी व नक्षीविषयी बारकाईने लिहीत आले आहेत. भांडे मात्र हरवलेले आहे. हाती आहेत ती त्याची जुनी चित्रे व वर्णने.